पहिली वीस मिनिटं: १९७० च्या शेव्हेलने कॅम कसा खाल्ला

गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६. इंजिन एल३४, म्हणजे कारखान्याच्या हिशोबाने ३५० हॉर्सपॉवरचं, चार गिअरच्या मॅन्युअल बॉक्ससह. मिशिगनमधल्या एका घरच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे तिचं काम चाललं. पत्रा, रंग, वायरिंग, ब्रेक सगळं मार्गी लागलं. ब्लॉक मशीन शॉपमधून तयार होऊन आला, इंजिन बांधलं गेलं आणि एप्रिलमध्ये चालू झालं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मेळा भरतो, तिथे ती न्यायचा बेत होता. पण जेमतेम १४० मैल झाले आणि डाव्या बाजूच्या व्हॉल्व कव्हरखालून टिकटिक ऐकू येऊ लागली. आणखी दोन दिवसांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमधून फट्-फट् असे फटके यायला लागले.

फटका कार्ब्युरेटरमधून आला की माणूस कार्ब्युरेटरच उघडतो. इथेही तेच झालं. क्वाड्राजेट, म्हणजे या गाडीचा कार्ब्युरेटर, दोनदा उतरवला, फ्लोटची उंची तपासली, जेट बदलले. मग इग्निशनची पाळी आली. पॉइंट्स नवे टाकले, ड्वेल, म्हणजे पॉइंट्स मिटून राहण्याचा कोन, ३० अंशांवर आणला. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे. त्यात ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात, त्यामुळे त्यांच्या प्लग वायरी चिकटून गेल्या की एकीतली ठिणगी दुसरीत उडी मारते आणि अगदी असेच फटके बसतात. त्या वायरीही वेगळ्या केल्या. फरक शून्य. कॉम्प्रेशन घेतलं तर सगळे सिलिंडर १६० ते १७० पीएसआयच्या आत, म्हणून इंजिन आतून ठणठणीत आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

खरा धागा हाताशी होता, पण सुटला. कॅम म्हणजे सोळा फुगवट्यांचा फिरता दांडा, एकेक फुगवटा म्हणजे लोब. लोब लिफ्टरला (यालाच टॅपेट म्हणतात) उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या काडीला, ती रॉकर नावाच्या तरफेला, आणि रॉकर व्हॉल्व उघडतो. टिकटिक घालवायला टॅपेट दोनदा सेट केले होते. दोन्ही वेळा पाचव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट रॉकर सैल सापडला, दोन्ही वेळा नट आवळला आणि पन्नास मैलांत तो पुन्हा सैल झाला. हायड्रॉलिक लिफ्टरच्या इंजिनात एकदा नीट बसवलेला रॉकर आपणहून ढिला होत नाही. नट फिरलेला नसेल आणि तरी ढिलाई येत असेल, तर खाली काहीतरी झिजतंय.

मोजमाप

दोन्ही बाजूंची कव्हरं काढली, सगळे प्लग काढले, इग्निशनची वायर सोडली. रॉकर बाजूला सरकवून पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावला आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, पुढच्या बॅलन्सरच्या बोल्टवरून हाताने फिरवला. रॉकर बाजूला असल्यामुळे लिफ्टरवर स्प्रिंगचा भार नसतो, त्याचा आतला प्लंजर दबत नाही आणि लोबची खरी उचल वाचता येते. कॅमच्या कागदावर व्हॉल्वची उचल ०.५१० इंच होती. बिग ब्लॉकच्या, म्हणजे शेव्हरोलेच्या या मोठ्या व्ही-८ च्या, रॉकरचं गुणोत्तर १.७, म्हणजे लोबवर ०.३०० इंच मिळायला हवं.

सोळापैकी तेरा लोब ०.२९९ ते ०.३०१ मध्ये होते. आठव्याचा एक्झॉस्ट ०.२९४ आणि दुसऱ्याचा इनटेक ०.२८७ निघाला. पाचव्याचा एक्झॉस्ट मात्र ०.२२१. लोबवर ७९ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेले, म्हणजे व्हॉल्वपाशी १३४ थाऊ. तो व्हॉल्व अर्ध्या इंचाऐवजी ०.३७६ इंचच उघडत होता. जळालेला वायू पुरता बाहेर पडत नव्हता, सिलिंडरमध्ये तुंबून राहायचा आणि इनटेक उघडताक्षणी मॅनिफोल्डमध्ये उलटा शिरून तिथलं पेट्रोलचं मिश्रण पेटवायचा. फटका वरून ऐकू यायचा, दुखणं खालच्या एक्झॉस्ट लोबचं होतं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण स्टार्टरवर फिरणाऱ्या इंजिनात तेवढ्या उघडीपातूनही हवा आरामात निघून जाते. जितका भार जास्त तितका तुंबलेला वायू जास्त, म्हणून रिकाम्या आयडलवर क्वचित आणि चढावर सारखे फटके.

पाचव्याचा एक्झॉस्ट लिफ्टर बाहेर काढताना चिमट्याने ओढावा लागला. बाकीचे बोटांनी निघाले. त्याचा तळ उजेडात धरला तर गोष्ट स्पष्ट झाली. चांगल्या लिफ्टरच्या तळावर बारीक वर्तुळं उमटलेली असतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी. याच्या तळावर एकाच दिशेने गेलेले सरळ ओरखडे होते आणि मधोमध बशीसारखा खळगा. हा लिफ्टर फिरलाच नव्हता.

का फिरला नाही

फ्लॅट टॅपेटला ‘फ्लॅट’ म्हणतात, पण तो सपाट नसतो. त्याचा तळ मध्यभागी दीड-दोन थाऊ फुगीर असतो, लोबला एका बाजूने अगदी थोडा उतार दिलेला असतो आणि लिफ्टरचं केंद्र लोबच्या केंद्रापासून किंचित बाजूला असतं. या तिन्हींमुळे लोब लिफ्टरला वर उचलता उचलता गोल फिरवतो. फिरला की दर फेरीला नवी जागा लोबखाली येते, ऑइलचा थर टिकतो. थांबला की तीच जागा त्याच नाकाखाली घासत राहते. कॅम आणि लिफ्टर दोन्ही ओतीव लोखंडाचे. वरचा कडक पापुद्रा गेला की आतलं मऊ लोखंड काही मिनिटांत खरवडून निघतं.

या इंजिनात लिफ्टरच्या भोकात जुन्या ऑइलची राळ घट्ट बसलेली होती. मशीन शॉपने सिलिंडर बोअर केले, ब्लॉक धुतला, पण लिफ्टरची भोकं कोणी मोजली नाहीत. पाचव्याच्या एक्झॉस्टचं भोक तळाशी ०.८४२२ इंच निघालं आणि लिफ्टर ०.८४२०. दोन दशांश थाऊची मोकळीक! हवी असते एक ते दोन थाऊ. थंड इंजिनात तो कसाबसा वरखाली झाला, गरम झाल्यावर जाम.

पण एवढ्यावर थांबलं तर निदान अपुरं राहील. दुसरा आणि आठवा लोबही झिजू लागले होते आणि त्यांच्या लिफ्टरांची भोकं ठीक होती. तिथे चूक पहिल्या स्टार्टची आहे, आणि ती चूक फार जणांच्या हातून होते.

झालं असं की डिस्ट्रिब्युटर एक दात चुकून बसला होता. त्यामुळे इंजिन पकडेना. तीन-चार मिनिटं नुसतं स्टार्टरवर फिरवलं गेलं. लोबवर लावलेली पेस्ट तेवढ्यात बरीचशी पुसली गेली. मग एकदाचं सुरू झालं तर कुठे गळतंय का बघायला, कार्ब्युरेटर जुळवायला ते सहा-सात मिनिटं ९०० आरपीएमवर तसंच चालू ठेवलं. आणि नंतर मात्र पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वीस मिनिटं २००० वर नेलं.

शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये कॅमच्या बेअरिंगना ऑइल दाबाने मिळतं, लोबना नाही. लोबवर जे ऑइल पडतं ते क्रँक आणि कनेक्टिंग रॉड गरगर फिरताना उडवतात ते. आयडलवर क्रँक पुरेसं ऑइल उडवत नाही. म्हणजे नव्या कॅमला ज्या घडीला ऑइलची सगळ्यात जास्त गरज, त्याच घडीला त्याला उपाशी ठेवलं गेलं. जास्त क्षमतेचा ऑइल पंप टाकून यावर काही उपाय होत नाही, हेही यातूनच कळतं. पंप दाब वाढवतो, लोबवरचे शिंतोडे नाही.

वर स्प्रिंग दुहेरी होत्या, आत एक आणि बाहेर एक. बंद स्थितीत १२५ पौंड, पूर्ण उघडल्यावर ३३५. ६००० आरपीएमला हे योग्यच आहे, पण पहिल्या वीस मिनिटांसाठी हा भार जास्त आहे.

आणि ऑइल. इंजिनात नव्या श्रेणीचं ५डब्ल्यू-३० भरलं होतं, आजच्या गाड्यांसाठी उत्तम. पण २००४ मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम श्रेणीपासून या पातळ ऑइलांमधल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची, म्हणजे ८०० पीपीएमची मर्यादा आहे. जस्त आणि फॉस्फरसचं झेडडीडीपी नावाचं संयुग धातूवर धातू घासताना मध्ये बळी जाणारा थर तयार करतं. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक म्हणून त्याचं प्रमाण उतरवलं गेलं. नव्या इंजिनांत बहुतेक रोलर, म्हणजे लोबवर घासण्याऐवजी गडगडणारी चाकं, असतात, त्यांचं अडत नाही. या शेव्हेलला ना कन्व्हर्टर, ना रोलर. तिला कमी फॉस्फरसचा तोटाच तोटा.

मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीतही पुशरॉड आणि टॅपेटच होते, मग ती कुठल्याही ऑइलवर कशी चालायची, असा प्रश्न इथे साहजिक आहे. त्या काळच्या ऑइलमध्ये झेडडीडीपी भरपूर असायचं, आणि ११०० सीसीच्या त्या इंजिनाच्या स्प्रिंग बिग ब्लॉकच्या मानाने अगदी मऊ. भार कमी, म्हणून माफीही जास्त.

नुसता कॅम बदलून का भागत नाही

कॅम, लिफ्टर आणि गॅस्केटचा संच मागवून शनिवार-रविवारमध्ये काम उरकायचा विचार आधी झाला होता. तो सोडायला लावणारी गोष्ट म्हणजे ऑइल फिल्टर. फिल्टर करवतीने कापू नये, करवतीचाच कीस आत पडतो आणि काही कळत नाही. डबा उघडायच्या चाकासारखा कटर मिळतो, त्याने कापावा. कागदाच्या घड्या पसरून वाळवल्या तर पूर्ण राखाडी चमचम होती आणि चुंबक फिरवताच ती उभी राहिली. बेअरिंगचा किंवा पिस्टनचा चुरा चुंबकाला लागत नाही. हे कॅमचं आणि लिफ्टरचं लोखंड होतं.

फिल्टरने धरलं ते दिसलं, पण सगळं फिल्टर धरत नाही. थंड, घट्ट ऑइलच्या वेळी ब्लॉकमधला बायपास व्हॉल्व उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं. ऑइल पॅन काढून मेन बेअरिंगच्या टोप्या उघडल्या तर तिसऱ्या आणि चौथ्या बेअरिंगच्या शेलमध्ये (आतल्या वाटीत) लोखंडाचे कण रुतून बसले होते, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागत होतं. १४० मैलांची बेअरिंग! अशा शेलवर नवा कॅम बसवला असता तर क्रँक खराब झाला असता. नशिबाने क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) नख अडकेल असा ओरखडा नव्हता, नुसत्या पॉलिशवर भागलं आणि स्टँडर्ड मापाच्याच बेअरिंग पुन्हा बसल्या. ऑइल पंपाच्या गिअरवर मात्र चरे होते, पंप बाद.

इंजिन पूर्ण उतरवलं. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे, म्हणजे आतल्या ऑइलच्या वाटांचे, सगळे प्लग काढून, लांब ब्रशने आरपार घासून, गरम साबणाच्या पाण्याने धुवून, हवेने फुंकून लगेच ऑइल फासलं. ओला ब्लॉक दहा मिनिटांत तांबूस होतो. पुशरॉड पोकळ असतात, तेही एकेक करून आतून साफ केले. हे वगळलं की पहिल्या स्टार्टलाच त्यांच्यातला सगळा चुरा ऑइलबरोबर रॉकरमध्ये चढतो.

ब्लॉक पुन्हा मशीन शॉपकडे जाणार म्हटल्यावर एक गोष्ट लेखी दिली: समोरच्या उजव्या हेडच्या पुढे जो छोटा सपाट पट्टा आहे, त्याला हात लावायचा नाही. १९७० च्या शेव्हेलच्या चॅसी नंबरवरून गाडी एसएस आहे की नाही आणि तिच्यात कोणतं इंजिन होतं हे कळत नाही. पुरावा असतो तो कारखान्याचा बिल्ड शीट आणि या पट्ट्यावरचा शिक्का. तिथे इंजिन बनवणाऱ्या टोनावांडा कारखान्याचा ‘टी’, जोडणीची तारीख, इंजिनाचं अक्षर आणि गाडीच्या नंबरचा शेवटचा भाग असतो. ब्लॉकचा माथा साफ करायला कटर फिरवला आणि तो पट्टाही त्यात गेला, तर इंजिन तेच राहतं पण ते तेच आहे हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. रंग पुन्हा देता येतो, हा शिक्का पुन्हा देता येत नाही.

सुटे भाग मागवताना आणखी एक खोच. गाडीवर ३९६ लिहिलेलं असलं तरी १९७० चं हे इंजिन ४०२ घनइंचांचं आहे. बोअर ४.०९४ वरून साधारण ४.१२५ केला गेला, नाव मात्र जुनंच ठेवलं, कारण ३९६ या आकड्याला बाजारात मान होता. म्हणून पिस्टन आणि रिंगा बिल्ल्यावरून नाही, बोअर मोजून मागवाव्यात.

दुसऱ्यांदा बांधताना

रोलर कॅमचा पर्याय समोर होता. झिजण्याची चिंता बरीच मिटते, पण खर्च कैकपट. शिवाय पुशरॉड वेगळ्या लांबीचे लागतात. फ्लॅट कॅमला लोबचा उतारच मागे रेटून धरतो, रोलरला तो उतार नसतो, म्हणून कॅम पुढे सरकू नये यासाठी पुढे बटण लावावं लागतं. डिस्ट्रिब्युटरचा गिअर कॅमच्या धातूला जुळणारा निवडावा लागतो. रोजच्या वापराच्या गाडीला आम्ही रोलरच सुचवू. ही मूळ ब्लॉकची, वर्षाला हजार-दीड हजार मैल फिरणारी गाडी. कॉउल इंडक्शनच्या बॉनेटवरची झडप फुल थ्रॉटलला उघडते, तेव्हा खालून येणारा आवाज ज्या यंत्रणेचा, तीच ठेवायची होती. फ्लॅट टॅपेट नीट बसवला तर पन्नास वर्षं चालतो. याच ब्लॉकमधला मूळ कॅम चालला होताच.

लिफ्टरची सोळा भोकं हलक्या होनने (भोक आतून घासण्याच्या हत्याराने) साफ केली. कसोटी सोपी: ऑइल लावलेला लिफ्टर स्वतःच्या वजनाने खाली घसरला पाहिजे आणि दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे. नव्या लिफ्टरांचे तळ एकमेकांवर ठेवून बघितले. फुगीर असतील तर ते डुलतात. एक जोडी डुलली नाही. त्यातला सपाट निघालेला एक परत पाठवला. तळाला सुईच्या टोकाएवढं भोक असलेले लिफ्टर घेतले, त्यातून लोबवर थेट ऑइल झिरपतं. जुना लिफ्टर नव्या कॅमवर कधीही घालू नये, तो आधीच्या लोबशी घासून बसलेला असतो.

लोबवर आणि लिफ्टरच्या तळावर मॉलिब्डेनमची पेस्ट, पण लिफ्टरच्या बाजूंना फक्त ऑइल. तिथे पेस्ट फासली की फिरायला अडथळा. कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट २० फूट-पौंड, हेडचे बोल्ट टप्प्याटप्प्याने ८०. व्हॉल्वच्या आतल्या स्प्रिंग काढून ठेवल्या, नुसत्या बाहेरच्यांवर पूर्ण उघडीपाला भार २२० पौंडांवर आला. रॉकर शून्य ढिलाईपासून अर्धा वेढा आवळले. ब्रेक-इनसाठी बनवलेलं, झेडडीडीपी भरपूर असलेलं एसएई ३० ऑइल फिल्टर धरून पाच क्वार्ट, म्हणजे सुमारे पावणेपाच लिटर भरलं.

मग ऑइल वर चढवणं. यासाठी जुना डिस्ट्रिब्युटर वापरला, गिअर काढून आणि वरचं डोकं कापून. नुसती सळई ड्रिलला लावून पंप फिरवला तर पंप फिरतो, पण डिस्ट्रिब्युटरचं अंग ज्या जागी ऑइलची वाट बंद करतं तिथून ऑइल गळून जातं आणि एका बाजूचे रॉकर कोरडे राहतात. अर्धा इंची ड्रिलने घड्याळाच्या दिशेने फिरवत, मध्येमध्ये क्रँक पाव फेरी पुढे सरकवत, सोळाही रॉकरमधून ऑइल ओघळेपर्यंत चालू ठेवलं. पाच-सहा मिनिटं लागली.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, क्रँक शून्याच्या १२ अंश आधी, पॉइंट्स नेमके उघडण्याच्या बेतात आणि रोटर एक नंबरच्या वायरीकडे: डिस्ट्रिब्युटर असा बसवला. क्वाड्राजेटच्या वाटीत वरच्या नळीतून छोट्या बाटलीने पेट्रोल सोडलं. रेडिएटर पूर्ण भरला, थर्मोस्टॅटला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं म्हणजे हवा अडकत नाही, समोर मोठा पंखा. चावी दुसऱ्या सेकंदाला लागली आणि स्क्रूने आधीच वर केलेल्या थ्रॉटलमुळे इंजिन थेट २००० वर गेलं. पुढची तीस मिनिटं १८०० ते २५०० च्या दरम्यान सतत वरखाली, एका जागी कधीच नाही. पुशरॉडवर पांढऱ्या रंगाच्या उभ्या रेघा ओढल्या होत्या. एका बाजूचं कव्हर काढून, शिंतोडे अडवायला पुठ्ठा लावून पाहिलं तर सगळ्या रेघा गोल फिरत होत्या. अकराव्या मिनिटाला रेडिएटरच्या खालच्या पाइपातून गळती दिसली. इंजिन आयडलवर आणलं नाही, सरळ बंद केलं, क्लॅम्प आवळला आणि पुन्हा २००० वर चालू करून उरलेली मिनिटं पुरी केली.

ऑइल गरम असतानाच काढलं, फिल्टर कापला. पेस्टचा काळपट थर आणि चुंबकाला लागणारी अगदी थोडी धूळ, एवढंच. ते अपेक्षितच असतं. मग पिस्टन वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये टाकून, प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला म्हणजे व्हॉल्व खाली पडत नाही. अशा रीतीने हेड न काढता एकेक करून आतल्या स्प्रिंग परत बसवल्या. सोळा लोब पुन्हा मोजले: ०.२९९ ते ०.३००. पाचशे मैलांनी तेच आकडे. ते कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवले आहेत, पुढे कधी टिकटिक आली तर ताडून बघायला.

आता गाडीत १०डब्ल्यू-४० आहे, १२०० पीपीएमच्या आसपास फॉस्फरस असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं. त्यात वरून आणखी झेडडीडीपीची बाटली ओतायची नाही. ठरावीक प्रमाणापलीकडे तेच रसायन धातूला खाऊ लागतं. हिवाळ्यात गाडी उभी असते तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं आयडलवर चालू करायची जी सवय असते, ती इथे बंद केली. थंड ऑइल, कमी आरपीएम आणि कोरडे लोब, एप्रिलमधली तीच परिस्थिती पुन्हा. गाडी नोव्हेंबरमध्ये ऑइल बदलून बंद होते आणि रस्त्यावरचं मीठ धुऊन गेल्यावर, निदान अर्धा तास चालवता येईल अशाच दिवशी सुरू होते.